तळाला नाव असलेली नऊ भांडी

एल्बो क्रीक, कॅन्सस
ता. ९ मार्च २०११

चि. डेल यास ऑर्फाताईचे अनेक आशीर्वाद.

झाल्या रे बाबा सह्या! दोनशे हव्या होत्या, तीनशे अकरा जमवल्या. पशुखाद्याच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसत होते, थंडीनं बोटं वाकडी झाली. अर्लो न्हावी म्हणाला, सरकारी वकिलाविरुद्ध सही करणं म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय देणं. एवढं बोलून त्यानं सही ठोकलीच!

आता न्यायाधीशांना ग्रँड ज्युरी बसवावीच लागेल. आपल्यातलीच पंधरा माणसं बंद दाराआड ठरवतील, सरकारी वकील मॅब्रीवर खटला भरायचा की नाही. ज्या आगीपायी तू आत आहेस, ती कोठाराला लागली तेव्हा तू गुरांच्या लिलावात होतास, हा तुला तिथे पाहणाऱ्या हेझलबाईंचा जबाब त्यानं एकोणीस वर्षं दडवला. तो अडकला की तुझाही खटला पुन्हा उघडेल.

जेवतोस ना नीट? गेल्या भेटीत गालफडं बसलेली दिसली.

तुझी वाट पाहणारी,
ऑर्फाताई

राज्य तुरुंग
ता. २१ मार्च

ती. ताईस डेलचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. कौतुक वाटलं, आणि भीतीही. आत ज्युरीला कायदा कोण समजावणार? शेजारच्या जिल्ह्याचा सरकारी वकील. तो आणि मॅब्री दरवर्षी एकत्र हरणं मारायला जातात, हे तुलाही ठाऊक आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! शिवाय पंधरापैकी बारा हात वर झाले तरच खटला, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ.

गालफडं वडिलांची आहेत, जेवणाला दोष नको. लोभ भरपूर असू दे, आशा बेताची.

तुझा,
डेल

एल्बो क्रीक
ता. ७ जून

चि. डेल यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी ज्युरी उठली. न्यायालयातून ना कागद, ना फोन. शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मायर्टल दारात उभी, हातात भाजलेल्या शेवया-माशांचं भांडं. नजर वर करीना. मला घट्ट मिठी मारली आणि गेली. दुपारी टायरवाला व्हर्जिल आला, बटाटे आणि हॅम घेऊन. तोही भांडं टेकवून लगेच निघाला. अंधार पडेपर्यंत ओट्यावर नऊ भांडी झाली, प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर नाव, सगळी ज्युरीतलीच.

अशी भांडी मयताच्या घरी येतात, तुला सांगायला नको. आई गेली तेव्हा अकरा आली होती.

मी त्या भांड्यांवरच ओरडले. काल कागद आला. खटला नाही, एवढंच लिहिलंय. फ्रीजर भरलाय, पण घास उतरत नाही रे.

तुझी,
ताई

राज्य तुरुंग
ता. १८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

बारा हात हवे होते, भांडी नऊ. म्हणजे नऊ जणांनी हात वर केला, त्यांना आता ठाऊक आहे की आग मी लावली नाही, आणि ते जन्मभर कुणाला सांगायचं नाही. मला फार रडू आलं, ताई.

भांडी घासून परत दे. आईचा नियम आठवतो ना, कुणाचं भांडं रिकामं पाठवायचं नाही. प्रत्येकात नव्या ज्युरीसाठी सह्यांचा कोरा कागद ठेव. शपथ त्यांनी न बोलण्याची घेतली आहे, सही न करण्याची नाही.

आणि फ्रीजरमधलं खा. माझ्या मयताचं असलं तरी खा. तुझी गालफडं बसली तर पुन्हा दुकानापुढे खुर्ची टाकून कोण बसेल?

तुझाच,
डेल