चिंचेवरचं दगडफूल

मी, सोजराबाई रामजी खिल्लारे, वय ७२, अविवाहित, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार नरसी नामदेव, ता. जि. हिंगोली. माझी अक्कल ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागात लिहीत आहे, पण पूर्ण शुद्धीवर.

१. नरसीचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव धाकटी बहीण जनकाबाई हिला. तिने घर खुशाल विकावे. फक्त रविंद्रला विकू नये.

२. रविंद्र हा माझ्या मयत भावाचा मुलगा. चौथीपासून मीच वाढवला. त्याला काहीही नाही. कारण लिहून ठेवते.

बावीस वर्षे मी कॉलेजासाठी दगडफुले गोळा केली. मसाल्यात टाकतो ते, आणि त्याच्या जातीची इतर. सुट्टीच्या दिवशी छिन्नी-सुरी घेऊन निघायचे, सालीसकट तुकडा काढायचा, कागदी पाकिटावर ठिकाण, झाड, तारीख लिहायची. विभागप्रमुख डॉ. शिवशंकर टेकाळे यांनी ती पाकिटे एका संग्रहालयाला दिली. २०१९ साली मी तिथे गेले, तर संग्राहक म्हणून सगळीकडे त्यांचेच नाव. कनेरगाव नाक्याच्या चिंचेवरून मी काढलेल्या नमुन्यापुढे ‘खडकावरून’ असे लिहिलेले. दगडफूल म्हणजे दगडावरचे, असा साहेबांचा हिशोब. ते झाडापर्यंत कधी गेलेच नव्हते. ती चिंच पुढे रस्ता रुंद करताना तोडली.

मी तक्रार केली, तेव्हा संग्रहालयाने पुरावा मागितला. सगळ्या नमुन्यांची माझी नोंदवही रविंद्रने कपाटातून काढून टेकाळे सरांना नेऊन दिली. त्यांनी त्याला कॉलेजात चिकटवले.

“काहून केलंस?” मी विचारले.

“आत्या, तुझी वही कोन वाचून राह्यलं होतं? मला नोकरी लागली.”

३. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मी घरी ठेवत असे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी संग्रहालयाच्या मनकर्णा मॅडम चिंचेचा तुकडा घेऊन घरी आल्या. माझा अर्धा त्याला लावला. सालीची चीर चिरेला बसली. नाव बदलण्याचे त्यांनी लेखी दिले आहे. सर्व पाकिटांची पत्र्याची पेटी संग्रहालयास देत आहे. अट एकच: संग्राहक म्हणून माझे एकटीचे नाव.

हे कळल्यावर टेकाळे सर घरी आले. “बाई, दोघांचीबी नावं टाकू. आता वय झालं आपलं.”

मी म्हटले, “सर, ती चिंच नाक्याच्या कोन्या अंगाला होती, तेवढं सांगा.”

चहा न घेता गेले.

४. टेकाळे यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. हार पाठवल्यास परत करावा. रविंद्रने मला खांदा देऊ नये.

स्थळ: नरसी नामदेव
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५
सही: सोजराबाई रामजी खिल्लारे

साक्षीदार: रूपाबाई लखमा वाढवे, रामकिशन गणपत सातव.

आमच्यादेखत बाईंनी हे स्वतः वाचले. कलम ४ मधली शेवटची ओळ काढा, असे आम्ही दोघांनी म्हटले. बाई बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. मग ओळ तशीच ठेवून सही केली.