घाटातली शिट्टी

१४ ऑक्टोबर
रिक्षा परत बंद पडली! मांजरसुंब्याच्या घाटात, सवाऱ्या भरलेल्या असताना. साखराबाईंच्या पेट्रोल रिक्षाला मी मोटर आणि बॅटरी जोडून दिली — चढावर इंजिन आणि मोटर दोघं मिळून ओढतात. पण कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला चालेल अशी करून देणारी पेटी, तापला. मोटर सुटली. एकटं इंजिन कुठवर दम धरणार! सवाऱ्यांनी उतरून ढकलली.

साखराबाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "दादा, दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघायची हाय. हिच्यावर भागत नसंल तर आत्ताच सांगा. मला जावं लागंल, मग संस्कृतीला बी संगं न्यावं लागंल. मागं कुणाकडं ठिवू?"

संस्कृती, त्यांची पोरगी, आठवीत आहे. पहिली येते.

१५ ऑक्टोबर
प्रत्येक स्क्रू तपासला. पंखा मोठा बसवला. ताप तोच.

मोटर मात्र काय चालते! कानाला कळत नाही. मी तांब्याची तार गुंडाळून भरलेली मोटर विहिरीवर चालू आहे का बंद, हे लोक पाण्याकडं बघून ठरवतात. असं काम चौसाळ्यात दुसऱ्या कुणाचं दाखवा.

१७ ऑक्टोबर
नाही जमलं. चिडचिड.

१९ ऑक्टोबर
शेजारच्या सुंदररावांची लेक तेजश्री दिवाळीला आली आहे. पुण्यात हायब्रीड मोटारींचे कंट्रोलर बनवते. सुंदररावांनी तिला दुकानात आणून बसवलं — मी बोलावली नव्हती! वाटलं, आता ही मला शिकवणार. पण तिनं आधी कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. तारांच्या बांधणीवरून बोट फिरवलं. "काका, हाताची हाय ही? आमच्याकडं मशीन बी इतकी साफ बांधत न्हाई."

मग कान लावून म्हणाली, "आवाज कावून न्हाई हिला?"

"कारण मी भरलीय."

हसली. "तुमी पेटीतले स्विच सेकंदाला वीस हजार येळा चालू-बंद करताय. दर येळी थोडी वीज वाया जाती, तिचीच आग होती. कान सुखी, पेटी भाजती."

चालू-बंद मला माहीत होतं. त्यात एवढं जातं हे धरलंच नव्हतं! महागड्या गाड्यांत सिलिकॉन कार्बाईडचे स्विच असतात म्हणे, इतकी उघडझाप करूनही फार तापत नाहीत. अर्धा दिवस त्यावरच विचारत बसलो. काय एकेक वस्तू शोधतात माणसं!

"आपल्याला ते नकोत. उघडझाप सेकंदाला आठ हजारावर आणा," ती म्हणाली. "एवढी हळू झाली की कानाला ऐकू येती, शिट्टी तेवढी वाजंल."

शिट्टी? माझ्या मोटरला? नाही म्हणून सांगितलं.

"गाडी तुमच्या नावासाठी करताय का साखरामावशीसाठी?"

लई धीट पोरगी. आणि बरोबर.

२० ऑक्टोबर
आठ हजारावर आणली. वाजते! समोरच्या हॉटेलातला सटवा ओरडला, "मोहनराव, मोटर भरली का डास कोंडलेत बे?" लोक हसले. हसू द्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा
घाट चढली! तेवढ्याच सवाऱ्या, तोच चढ. तेजश्री मागं मीटर घेऊन बसलेली. वर गेल्यावर पेटीवर तळहात ठेवला — ठेवता आला. आकडे दोनदा ताडून पाहिले. जी वीज आगीत जात होती ती आता चाकात जाते.

साखराबाई म्हणाल्या, "आता बरंय. जोर लावती तवा बोलती तरी. आधी मुक्यावानी मरत हुती."

तेजश्रीनं एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर चौसाळाभर सांगत सुटलो असतो. एवढं ज्ञान, आणि एवढं हलकं वागवते!

१० नोव्हेंबर
टोळीचा ट्रक पहाटे गेला. दरवर्षी बोचक्यांवर पोरं बसलेली असतात. आज नुसती बोचकी. शाळेला न्यायला गाडी आहे म्हटल्यावर वस्तीवरच्या बायांनी पोरं म्हाताऱ्यांजवळ ठेवली.

साखराबाईंना आज शाळेच्या दोन खेपा कराव्या लागल्या.