शैलाच्या कॉम्प्युटरातलं पाणी

पुणे, ४ फेब्रुवारी २००८

ती. चंपाआत्यास,
शैलाचा सविनय जय भीम. वि. वि.

ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून मी करते तरी काय, असं विचारलंस. अगं, आम्ही त्यात सगळी पृथ्वी चौकोनाचौकोनांनी मांडतो आणि पुढे हवामान कसं होईल ते बघतो. गंमत म्हणजे आमच्या पृथ्वीवर पाऊस पडतो, नद्या वाहतात, पण पाणी घेणारं माणूसच नाही! धरण नाही, विहीर नाही, उसाला पाणी नाही. माणसं पाणी ओढतात त्याने हवाही बदलते, म्हणून ते आत घालायचं काम माझ्याकडे आलंय. तानसा तलावाचं पाणी मुंबई किती घेते, तेही मीच लिहिणार. तू मात्र चाळीच्या जिन्यावरून हंडे उचलू नकोस.

तुझ्या मायेची,
शैला

करी रोड, १३ फेब्रुवारी

चि. शैलास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मुंबईचं पाणी आमची शैला लिहिणार म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. आता आपल्या चाळीच्या नावावर जरा हात सैल सोडून लिही. रेशनकार्डावर नाव चढलं की धान्य सुटतं, तसं पाणीही सुटेल. चाळीमागे टॉवर झाल्यापासून नळाला करंगळीएवढी धार येते. खालून तिसऱ्या मजल्यावर हंडा नेववत नाही म्हणून शेजारची सुंदराबाई बदलापूरला मुलाकडे निघाली होती. गिरण्यांच्या संपात आमची दोन घरं एका चुलीवर जेवली. ती गेली तर मी भांडू कोणाशी? तिला सांगितलं, शैला पाणी आणतेय. तिने बांधलेलं गाठोडं सोडलं. तेवढं लवकर कर, बाय.

तुझी आत्या

पुणे, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास जय भीम.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी लिहिते ते नळापर्यंत पोचत नाही गं. लोक किती पाणी घेतात तेवढंच आम्ही धरतो, कोणाला किती मिळावं ते ठरवत नाही. आमच्या एका चौकोनात अख्खी मुंबई बसते, त्यात टॉवर आणि चाळ सारखीच. सुंदराबाईंना खरं सांग. माझ्या नावावर त्यांनी गुडघे झिजवावेत, हे मला सोसणार नाही. त्या गेल्या तर तू एकटी राहू नकोस, मी न्यायला येते.

शैला

करी रोड, ३ मार्च

चि. शैलास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून सुंदराबाईला तोंड दाखवणं जड जात होतं. काल चहा घेऊन गेले आणि सांगून टाकलं. वाटलं, ही आता माझे वाभाडे काढणार. तर ती हसायलाच लागली. म्हणाली, कॉम्प्युटरातून पाणी येत नाही एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिला जायचंच नव्हतं. मुलगा रोज मागे लागायचा, त्याला सांगायला कारण सापडत नव्हतं, ते मी दिलं. मला रडूच आलं गं, मग आधी का नाही बोललीस म्हणून चांगली भांडले. आता दोघी मिळून एक हंडा धरतो आणि मधल्या जिन्यावर दम खातो.

मुलाचा फोन आला की ती अजून सांगते, पुण्याला शैलाचं काम चालू आहे, ते होईपर्यंत थांबते. तेव्हा बाय, काम संपवायची घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो असाच वाढव.

तुझी आत्या
चंपा