माझा अंगठा परत द्या

प्रिय बाई,

चष्मा इथंच विसरून गेलात ना? परवा शाळेच्या कपाटात, खडूच्या डब्यामागं सापडला. तुम्ही इथं होतात तेव्हा तो कपाळावर असायचा आणि तुम्ही सगळ्या वर्गात शोधत फिरायच्या. आता तिकडं कशानं वाचणार? हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्या. लाजू नका, मी जन्मभर तेच केलं.

सांगतेय मी, लिहितेय माझी नात तनू. यंदा सातवीत गेली. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते; भांडणातलं बोलणं तेवढं जसंच्या तसं लिहायला लावलंय. तेवढं पदरात घ्या.

आजच लिहायचं कारण, काल शाळेच्या समितीत मी भांडले. ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायच्या आधी माझी चूक माझ्याच तोंडून ऐका.

पारनेरहून पहिल्या एसटीनं तुम्ही लावलेला पेपर यायचा, आठवतंय? पोरांनी तो वाचायचा आणि माझ्या चुलीपाशी येऊन बातमी सांगायची. तुमचा नियमच होता, खिचडीवाल्या आजीला कळली तर तुला वाचता आली. मी ढवळता ढवळता एक उलटा प्रश्न टाकायची. उत्तर नाही आलं की पोरगं परत पेपराकडं. मला वाटायचं, बाई अडाणी म्हातारीची गंमत करतात. लई उशिरा कळलं की तुम्ही मला परीक्षेला बसवलं नव्हतं, परीक्षा घ्यायला बसवलं होतं.

आणि शनिवारचा वाद! कांद्याचा भाव, पाण्याचा टँकर, मोबाईल, कशावरही पोरं तावातावानं बोलायची. जो जिंकेल त्याला पुढच्या शनिवारी उलट्या बाजूनं बोलायला लावायच्या. त्यावरून तनू रडली, तर म्हणालात, “रड, पण मुद्दा सोडू नकोस.”

उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पोरांनी शनिवार सोडला नाही. गेल्या महिन्यात पेपरात आलं, संडास नाही म्हणून मुली शाळा सोडतात. तनूनं उभं राहून विचारलं, आपल्या शाळेत मुलींसाठी संडास बांधलाय, मग त्याला कुलूप का? किल्ली फक्त पाहुण्यांसाठी का? नेमके तालुक्याचे साहेब त्या दिवशी पाहुणे. नव्या हेडसरांचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं.

चार दिवसांनी सर वही घेऊन चुलीपाशी आले. तनूचे आईबाप सुप्याच्या कंपनीत, त्यामुळं समितीत पालक म्हणून मीच. डाळीला फोडणी घातलेली, डोळ्यांत धूर. सर म्हणाले, तांदळाचं आहे, अंगठा द्या. दिला, बाई. एवढी वर्षं पोरांना उलटा प्रश्न विचारणारी मी, सरांना एक प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी तनूनं दप्तर टाकलं. “आजी, शनिवार बंद झाला. पेपर पण. ठरावावर तुझा अंगठा हाय.” दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुम्हीही बोलला नसता. पण तुमचंही चुकलंच की! अक्षरं शिका म्हणून मागं लागायच्या आणि मी ‘उद्या’ म्हटलं की हसून जायच्या. पोरांना कधी सोडलं नाहीत, मग मलाच का सोडलं?

काल बैठकीत तनूला शेजारी बसवलं आणि म्हटलं, वाच ठराव. सर म्हणाले, मुलांना इथं बोलता येणार नाही.

“ती कुठं बोलतीय? माझे डोळे हायेत ते,” मी म्हटलं. “आन माझा अंगठा मला परत द्या.”

“आजी, अंगठा परत घेता येत नसतो.”

“मग खाली दुसरा लावते. लिव्हा, वरचा न ऐकता लावला, ह्यो ऐकून लावला. पोरांचं तोंड बंद करायला माझा अंगठा न्हाई.”

कुणीतरी हसलं. मग कोपऱ्यातल्या दोघी आयांनीही हात वर केले. त्यांनाही तांदूळच सांगितला होता. सरांना लिहावं लागलं. मी तनूकडून दोनदा वाचून घेतलं, मगच अंगठा लावला.

जिंकलो असं समजू नका. ठराव पुढच्या बैठकीवर ढकललाय. कुलूप तसंच लटकतंय. निघताना सर हळूच म्हणाले, आजी, खिचडीचं काम टिकवायचं ना? मी म्हटलं, उद्या शनिवार हाय, चुलीपाशी या, पोरं तुमालाच विचारतील.

ते आले नाहीत. पोरं आली. विषय ठेवला, शनिवार बंद केला ते बरोबर की चूक. सरांच्या बाजूनं बोलायला कुणी उठेना. मी तनूला उठवलं. तुमचाच नियम, नाही का? रडली. मुद्दा सोडला नाही. इतकं चांगलं बोलली की मलाच घडीभर सर बरोबर वाटले. मग बाकीच्यांनी तिला घेरलं.

शब्द देते, बाई. चूल काढून घेतली तर माझ्या ओट्यावर, पण शनिवार भरणार. आणि ऐकल्याबिगर आता कुठंच अंगठा नाही. तिकडं वर तुमच्यापाशी आल्यावर देवानं वही पुढं केली, तरी आधी वाचून दाखवा म्हणेन.

तुमची,
खिचडीवाली गंगूआजी
(अंगठा वाचून घेऊन लावलाय)

खाली जागा उरलीय म्हणून सांगते. नाताळ जवळ आला. दरवर्षी तुमच्या घरून करंज्यांचा डबा यायचा, यंदा विसरू नका, तुमचा भरवसा नाही. पण करंज्या नकोत. रव्याचे लाडू पाठवा, मऊ बांधलेले, शनिवारच्या पोरांना पुरतील एवढे. माझे दात गेलेत, तोंड अजून चालवायचंय.