मोठ्या नकाशावरचं शेवटचं यान

३ मार्च, सोमवार
दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयातून तिथल्या प्रमुख बाईंचा फोन. मला नोकरीवर घेतलं. पंधरा तारखेपर्यंत होकार कळवायचा. आईला लगेच सांगितलं. बाबांना आज संध्याकाळीच सांगणार. आधी आमच्या अवकाशयुद्धाच्या खेळाचा एक डाव होऊ दे, ते कॉम्प्युटर लावून बसलेच आहेत. छोटा नकाशा, मोजके ग्रह, तासाभरात निकाल. मग निवांत बोलू.

४ मार्च
बाबांनी सगळ्यात मोठा नकाशा घेतला. तारेच तारे. म्हणाले, छोट्यावर शेजाऱ्याच्या अंगणात भांडल्यासारखं वाटतं. मी अडवलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना घराबाहेर पडता येत नाही. निदान अवकाशात तरी मोकळे फिरू देत.

डाव अर्थात संपला नाही. आमच्या घरचे नियम कडक, मी शाळेत जायच्याही आधी बाबांनी पत्ते शिकवताना घालून दिलेले. डाव चालू असेपर्यंत दुसरा विषय काढायचा नाही. अर्धवट उठायचं नाही. मुद्दाम हरायचं नाही. समोरचा स्वतःच्या तोंडाने ‘हरलो’ म्हणेपर्यंत डाव संपत नाही. कॉम्प्युटर एकच, म्हणून एकाची पाळी असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. डोकवायचं नाही.

तेव्हा नोकरीचं डाव संपल्यावरच. मध्येच सांगून त्यांचं लक्ष उडवायचं, ही लबाडी झाली.

७ मार्च
बाबांची पाळी. मी स्वयंपाकघरात. आईने मटार सोलायला दिले आणि विचारलं, सांगितलंस का. मी नियम सांगितला. ती म्हणाली, तारे शोधा तुम्ही बापलेक, घरातलं मेलं कुणाला दिसतंय. शिवाय बाबा माझ्यापेक्षा बरे मटार सोलतात म्हणे.

दमले आहे. नुसतं बसूनसुद्धा माणूस इतकं दमतं.

९ मार्च
आता दयामाया नाही. तिन्ही बाजूंनी हल्ला. उद्या निकाल नक्की.

१० मार्च
बाबांचे सगळे ग्रह घेतले. एक टेहळणीचं यान तेवढं निसटलं. त्याच्यावर शस्त्र नाही, माणसं नाहीत. मी आशेने बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, अजून एक यान आहे माझं. नियमाने बरोबर आहे.

छोट्या नकाशावर ते जाऊन जाऊन जाणार कुठे? इथे दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही.

१२ मार्च
सापडलं! वरच्या कोपऱ्यात, इंधन संपून उभं. गोळी झाडली नाही. अडलेल्यावर वार करू नये, हेही बाबांनीच शिकवलेलं. इंधन भरू देते, मग रीतसर पाडते.

ग्रंथालयाला फोन करून मुदत वाढवून घ्यावी का? नको. रुजू होण्याआधीच सवलत मागणारी मुलगी, असं मत व्हायचं.

१४ मार्च
यानाने इंधन भरलं आणि पुन्हा नाहीसं झालं. हरकत नाही. उद्याचा अख्खा दिवस हातात आहे. माळ्यावरची बॅग काढून ठेवणार होते. माळ्यावर चढायला स्टूल लागतं. स्टुलावर बाबांचा दुखरा पाय असतो. उद्या काढते.

१५ मार्च, शनिवार
बाबांनी एका यानाच्या एका चालीला दुपार घालवली. थोरांना घाई करू नये. मी स्वयंपाकघरात बसून होते. आईने आज काही सोलायला दिलं नाही, काही विचारलंही नाही. पाच वाजले, ग्रंथालय बंद झालं.

सोमवारी सकाळी पहिला फोन माझा. एका रविवाराने काय बिघडतंय.

१७ मार्च, सोमवार
बाई सौम्यपणे बोलल्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग यादीतल्या पुढच्या मुलीला कळवलं. मी त्यांचे आभार मानले. का मानले, माहीत नाही.

मग खेळायला बसले. यान दुसऱ्याच चालीत समोर आलं. पाडलं. बाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हरलो.”

आता बोलायला मोकळीक होती. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले. आईने त्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, माझ्या पाळीत, मटार सोलताना.

“तू विषय काढायची वाट बघत होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, हिला खरंच जायचं असेल तर मला झटकन हरवील. कोपऱ्यात गाठलंस तरी सोडून दिलंस. मग मीही पळत राहिलो.”

मी सकाळच्या फोनचं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग पाय खाली घेतला, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि बॅग काढून तरी ठेव म्हणाले, पुन्हा कुठून बोलावणं येईल. मी म्हटलं, काढते उद्या. पाय वर घ्या.

एक डाव झाला. छोटा नकाशा. अर्ध्या तासात मी हरले.

यापुढे छोटाच घ्यायचा. वेळ वाचतो.