खोऱ्यातले शेवटचे हेबलविक

रीडिंग,
११ फेब्रुवारी १९७८

ती. अ‍ॅनिसताईस,
विल्फ्रेडचा शि. सा. न. वि. वि.

रेल्वेच्या कचेरीतून मी निवृत्त झालो तेव्हा तूच म्हणाली होतीस, की काहीतरी उद्योग लावून घे, नाहीतर दिवसभर आयरिसच्या डोक्यावर मिरे वाटशील. तर उद्योग लागला आहे. आपल्या आडनावाचा. गावोगावच्या टेलिफोनच्या जाड वह्या इथल्या ग्रंथालयात असतात. त्या चाळून जिथे म्हणून हेबलविक सापडला तिथे मी नकाशावर लाल ठिपका दिला. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो, त्यामुळे आयरिस आणि मी हल्ली ताटल्या मांडीवर घेऊन जेवतो. ती यावर फार बोलते, पण ते असो.

ताई, सगळ्या जगातले हेबलविक दोन बसगाड्यांत मावतील! डोंगरापलीकडे लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावात काही, दक्षिणेत मूठभर, मग थेट कॅनडा आणि टास्मानिया. सरेच्या कर्नल हेबलविकांचं म्हणणं, की आपला मूळ पुरुष नॉर्मन सरदार. मला तसं वाटत नाही. ओढ्यावरच्या फळीच्या पुलाला आपल्याकडे हेबल म्हणत, आणि विक म्हणजे गोठा. पुलाजवळच्या गोठ्यावरची माणसं ते हेबलविक, इतकं ते साधं आहे. ठिपके सगळे इकडेतिकडे गेले, एकच सहाशे वर्षं जागचा हलला नाही. तो तुझा, आपल्या मळ्यावरचा.

म्हणून सगळ्या हेबलविकांना मी १९ ऑगस्टला मळ्यावर बोलावलं आहे. पत्रं गेलीसुद्धा. तू काही करायचं नाहीस, फक्त दारात उभं राहायचंस.

लोभ आहेच, तो या बातमीने पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
विल्फ्रेड


हेबलविक मळा,
२० फेब्रुवारी १९७८

चि. विल्फ्रेडास अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझाच चष्मा बिघडला.

आपण गोठ्यातले, हे शोधायला सहा महिने लागले होय तुला? मला विचारायचंस, पोस्टाच्या तिकिटात काम झालं असतं. आणि मी म्हणे काही करायचं नाही! दोन बसगाड्या भरून माणसं येणार, ती काय वारा खाऊन राहणार? संडास एक, तोही अंगणापलीकडे, आणि त्याचं दार पाय लावून धरावं लागतं. तिथे तुझ्या कर्नलसाहेबांसाठी ते कोण धरणार? रीडिंगला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाबा. इथे मेंढ्या विणार आहेत, छपराची दोन दगडी कौलं वाऱ्याने गेलीत, आणि काळी गाय लाथा झाडते आहे.

आता माझी बातमी. बसून वाच. एझ्रा लमने मला मागणी घातली आहे. खालच्या गावातला, भिंती रचणारा एझ्रा. त्याची मार्था जाऊन तीन वर्षं झाली. आला, टोपी काढली, सगळा चहा संपवला आणि मग म्हणाला, की तुझं काही ठरलं नसेल तर माझा विचार कर. मी म्हटलं, चौसष्टाव्या वर्षी माझं काय ठरलेलं असणार! मेंढ्या विऊन झाल्या की मेअखेरीस चॅपेलमध्ये लग्न करायचं म्हणतो. गुडघ्याला बाशिंग म्हण हवं तर. मला आनंद झाला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आयरिसला टेबल परत दे. बाकी सर्व ठीक.

तुझी,
ताई


रीडिंग,
२७ फेब्रुवारी १९७८

ती. अ‍ॅनिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझी बातमी वाचून आम्हा दोघांना अत्यंत आनंद झाला. आयरिस तर रडली. एझ्रा सज्जन माणूस आहे, यात शंकाच नाही.

मात्र एक गोष्ट. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, स्पष्टच लिहितो. तू मेमध्ये लम झालीस, की ऑगस्टमध्ये खोऱ्यात हेबलविक किती उरले? एकही नाही! थोरा हेबलविक म्हणून एक बाई कॅनडाच्या सस्काचेवानहून केवळ तुला बघायला येणार आहेत. बाईंचं वय शहात्तर. वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार आहे. आडनावांचा अभ्यास करणारी आमची मंडळी आहेत, त्यांच्यापुढे शरदात माझं भाषण आहे, आणि ते सगळं त्या एका न हललेल्या ठिपक्यावर उभं आहे. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न. तुम्ही दोघं काही विशीतली पोरं नाही, की धीर धरवणार नाही. सप्टेंबरात खुशाल लग्न करा, खर्च मी देतो.

रागावू नकोस. लोभ पूर्वीइतकाच असावा.

तुझा,
विल्फ्रेड


हेबलविक मळा,
६ मार्च १९७८

चि. विल्फ्रेडास,

आशीर्वाद या वेळी देत नाही. उरले तर पुढच्या पत्रात देईन.

धीर धरवणार नाही, असं तू कुणाला लिहितोस? शेहेचाळीस साली एझ्राने मला पहिल्यांदा मागणी घातली. तेव्हा बाबा म्हणाले, विल्फ्रेड सैन्यातून येऊ दे, मळा हाती घेऊ दे, मग बघू. तू आलास, दोन दिवस राहिलास आणि रेल्वेत चिकटलास. मग बाबा म्हणाले, आईला बरं वाटू दे. आईला बरं वाटलं नाही. मग बाबांचे गुडघे गेले. एझ्रा चार वर्षं थांबला, मग त्याने मार्थाशी लग्न केलं, आणि मी त्यांच्या लग्नात पाव कापले. त्याला मी दोष देत नाही. पण आता माझ्या घरातला एकुलता एक पुरुष टेलिफोनच्या वह्या घेऊन पुन्हा मला थोपवायला येतो, आणि कशासाठी, तर नकाशावर ठिपका हवा म्हणून! अरे, मी माणूस आहे की टाचणी?

हे सगळं मी एझ्राला तावातावाने सांगितलं. वाटलं, टेबलावर मूठ आपटेल. तर तो म्हणाला, विल्फ्रेडचं एवढं अडत असेल तर थांबू की, हरकत नाही. हरकत नाही म्हणे! आता तुझा राग जास्त येतो की त्याचा, हेच मला कळेनासं झालंय.

तेव्हा तुझ्या मनासारखं झालं. दारात उभी राहीन, हसेन, चाळीस माणसांना जेवू घालीन. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची सवय आहेच. पण यावर मला आता पत्र लिहू नकोस.

अ‍ॅनिस


खालचं गाव,
६ ऑगस्ट १९७८

श्री. विल्फ्रेड हेबलविक यांस,
एझ्रा लमचा नमस्कार वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही. याआधीचं लिहिलं ते मार्था गेली तेव्हा, तिच्या भावाला.

तुमच्या मेळाव्याची तयारी झाली आहे. छपराची कौलं मी बसवली, संडासाला कडी लावली. अ‍ॅनिस शहाजिरं घातलेले केक भाजते आहे. पण मार्चपासून ती माझ्याशी फक्त गाईंबद्दल बोलते. थांबायला हो म्हणालो, तेव्हा मला वाटलं मी समजूतदारपणा केला. मागच्या आठवड्यात तिने सांगितलं, की तिच्या वडिलांपुढेही मी असाच टोपी हातात धरून हो म्हणालो होतो. त्यावर मी दोन दिवस भिंत रचताना विचार केला. तिचं बरोबर आहे.

तेव्हा लग्न १९ तारखेलाच, शनिवारी, सकाळी अकरा वाजता. रजिस्ट्रारकडची नोटीस देऊन झाली, चॅपेल मोकळं आहे. दोन मोठ्या हॅम, खारवलेल्या डुकराच्या मांड्या, आणल्या आहेत, केक आहेत, माणसं येणारच आहेत. वेगळं लग्न करायचं तर पुन्हा हॅम आणावी लागेल, आणि हॅमशिवाय झालेलं लग्न इथे कुणी लग्न मानत नाही, हे तुम्ही जाणता. एकाच हॅममध्ये दोन्ही कामं होतात. हे मी अ‍ॅनिसला सांगितलं तेव्हा तिने ओलं फडकं फेकून मारलं, मग पायरीवर बसून बराच वेळ हसली. डोळेही पुसले.

चॅपेलमध्ये तिचा हात धरून तिला आत न्यायला तुम्ही असावं, अशी तिची इच्छा आहे. तिने तसं म्हटलेलं नाही.

कळावे,
एझ्रा लम


रीडिंग,
९ ऑगस्ट १९७८

ती. अ‍ॅनिसताईस,

हे काय चालवलं आहे तुम्ही! फोटोवाला दोन वाजता येणार. अकराला लग्न लागलं, तर दोनला दारात सौ. लम! शेवटची हेबलविक बघायला माणसं समुद्र ओलांडून येणार, आणि तिने तीन तासांपूर्वीच नाव टाकलेलं! निदान लग्न चारला तरी ठेवा. हॅम चारलाही हॅमच असते.

मी चॅपेलमध्ये पाऊल टाकणार नाही, असं आयरिसला निक्षून सांगितलं आहे. तिने माझा काळा सूट इस्त्रीला दिला. मला या घरात कुणी विचारत नाही. तारेने उत्तर दे.

विल्फ्रेड


हेबलविक मळा,
२५ ऑगस्ट १९७८

ती. सौ. अ‍ॅनिसताईस,
सा. न. वि. वि.

लग्न उत्तम झालं, हे मी आता मान्य करतो. तुझा हात धरून तुला आत नेलं ते मीच, आणि तेही काळ्या सुटात. एझ्राची माणसं दोन बाकांत संपली, म्हणून आपल्यातले निम्मे त्याच्या बाजूला जाऊन बसले, तेही मला आवडलं. कर्नल नॉर्मन सरदाराचा विषय चॅपेलमध्ये काढू शकले नाहीत, हा एक फायदाच.

पण त्यानंतर जे झालं तो शुद्ध कट होता. थोराबाईंनी सहज विचारलं, की तुम्ही दोघं मोरकमला समुद्रावर जाणार, तर गाईंचं कोण बघणार? तू कपात चहा ओतता ओतता म्हणालीस, विल्फ्रेड बघेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस माणसांच्या टाळ्या पडल्यावर नाही कसं म्हणायचं? आयरिस सोमवारी घरी गेली. जाताना म्हणाली, टेबल मोकळं करते.

ताई, माझी बोटं सुजली आहेत. चाळीस वर्षं ज्याने धार काढली नाही, त्याला काळी गाय ओळखते. काल तिने बादली लाथाडली, आज मला. कोंबड्या कुठे अंडी घालतात ते मला सांगितलेलं नाहीस. दूध न्यायला येणारा माणूस मला बघून रोज हसतो. आणि पहिल्या तारखेला नकाशा छापायला द्यायचा आहे. सहाशे वर्षांनंतर आपल्या खोऱ्यात शून्य लिहायला माझा हात धजत नाही. काय लिहू?

चार दिवसांत येतो म्हणाला होतात. आज सहावा दिवस. कधी येताय ते उलट टपाली कळव.

थकलेला,
विल्फ्रेड


मोरकम,
२८ ऑगस्ट १९७८

चि. विल्फ्रेडास अ. आ. मागचे राहिलेलेही यातच धर.

काळीच्या डाव्या बाजूने जा आणि काहीतरी बोलत राहा. अंडी जुन्या गाडीखाली.

इथे आमची खोली समोरच्या बाजूला आहे. न्याहारीला धुरावलेले मासे असतात, आणि ताटली उचलायला गेले तर घरमालकीण रागावते. चॅपेलच्या सहलीत मी इथे येऊन गेले होते, पण दर वेळी धारांच्या वेळेला परत. समुद्रावर संध्याकाळ कशी होते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. परवा पाहिली आणि मला रडू फुटलं. एझ्राने रुमाल दिला आणि उगाचच आईसक्रीम आणायला गेला.

लग्नाच्या दिवशी भांडी घासताना थोराने मला सांगितलं, की तिचे वडील मळ्यावरचे तिसरे मुलगे. त्यांच्या वडिलांनी त्यांना नवे बूट दिले आणि सांगितलं, की इथे तुझी सोय नाही. थोराचे वडील मरेपर्यंत त्या बुटांबद्दल बोलायचे म्हणे. गिरणीवाल्यांकडेही अशीच गोष्ट निघाली. विल्फ्रेड, तुझे ते दूरदूरचे लाल ठिपके म्हणजे घालवून दिलेली माणसं आहेत. आणि जो हलला नाही, त्याला कुणी हलू दिलं नाही. नाव सहाशे वर्षं टिकलं म्हणतोस, तर दर पिढीला एकाला बाहेर काढून आणि एकाला गोठ्यात बांधून टिकलं. भाषणात हे सांग. मी तुझ्यावर रागावले होते, फार रागावले होते, पण तू काळा सूट घालून आलास तेव्हा तो राग गेला. खोटं सांगत नाही.

नकाशाचं विचारतोस. शून्य कशाला लिहितोस? खोऱ्यात एक हेबलविक आहे. पहाटे उठतो, धारा काढतो, लाथा खातो. जे आहे ते लिही.

एझ्राचा नमस्कार. लोभ वाढव, आणि गाईंना वेळेवर पाणी दाखव.

तुझी ताई,
अ‍ॅनिस लम

ता. क. खोली आम्ही सप्टेंबरअखेरपर्यंत घेतली आहे.