वरवंटा आणि खडा

होटगी, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप शिवलिंगप्पा अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मधेच बोलता, म्हणून पत्र. तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्काराची पत्रिका मिळाली. तीत ‘घरोघरी विज्ञान नेणारे गुरुजी’ असं छापलंय. वाचून अंगाचा तिळपापड झाला.

आपल्या विहिरीवरचा तो दिवस आठवतो का? मी सातवीत होते. वरवंट्याएवढा धोंडा आणि लिंबाएवढा खडा एकदम सोडला, पाण्यात एकच आवाज झाला. दोन्ही बरोबर पडले असं मी म्हटलं. तुम्ही मास्तरकी शिकत होता, सुट्टीला आला होता. जड आधी पडणार म्हणालात. मी पुन्हा टाकून दाखवायला लागले, तर आप्पांना सांगितलंत की पोरगी लई उलट बोलती, शाळा बास की हिची. बास झाली. पंचावन्न वर्षं झाली.

सत्काराला येते. पिशवीत वरवंटा आणि खडा असेल. शाळेच्या गच्चीवरून टाकणार, आणि माझी शाळा का सुटली तेही सगळ्यांना सांगणार.

लोभ तुमचा असू द्या. राग माझ्याकडं आहे, तो मी नीट सांभाळलाय.

तुमची धाकटी, चंद्रव्वा

सोलापूर, ८ नोव्हेंबर

चि. चंद्रव्वास, अनेक आशीर्वाद.

सोबत वहिनीनं इरकल साडी पाठवली आहे. इतकं जुनं काय धरून बसलीस? तेव्हा माझ्या मनात हवेचा अडथळा होता. पीस आणि दगड बरोबर पडत नाहीत, हे तूही मानशील. माझे विद्यार्थी लांबून येतायत. त्यांच्यासमोर म्हाताऱ्या भावाची शोभा करू नकोस. तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझा अण्णा

होटगी, १२ नोव्हेंबर

ती. अण्णांस, सा. न.

साडी परत पाठवली आहे. मी पीस टाकलं नव्हतं, धोंडा टाकला होता. माझी नात काव्या, तिचं विज्ञानाचं पुस्तक वाचलं. मोठ्या धोंड्याला पृथ्वी जास्त जोरानं ओढते, पण त्याला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. म्हणून दोघं बरोबर. हे तुम्हाला कधी कळलं, तेवढं खरं लिहा.

चंद्रव्वा

सोलापूर, १५ नोव्हेंबर

चि. चंद्रव्वास,

पुढच्याच वर्षी. आमच्या सरांनी जिन्यावरून दोन वजनं टाकली. एकच आवाज झाला आणि मला विहीर आठवली. पोस्टकार्ड घेतलं, पत्ता लिहिला, पुढं काही लिहिलं नाही. आप्पांसमोर मी खोटा ठरलो असतो. नंतर पस्तीस वर्षं हाच धडा परक्या मुलांना शिकवला.

तू टाकू नकोस. मी टाकतो, मीच सांगतो. जमलं तर माफ कर.

अण्णा

होटगी, २४ नोव्हेंबर

ती. अण्णांस, सा. न.

तुम्ही टाकलंत, माझं नाव घेतलंत, रडलातही. लोकांनी तुमच्या मोठ्या मनाला टाळ्या वाजवल्या. म्हणजे तिथंही हार तुमच्याच गळ्यात, आणि मी आपली पहिल्या रांगेत पिशवी धरून.

माफ केलेलं नाही. शिक्षा लिहिते. दर रविवारी सकाळच्या गाडीनं होटगीला यायचं. येताना सातवीचं पुस्तक आणायचं. सुटलं तिथून, विहिरीच्या कडेला बसून शिकवायचं. मी उलट बोलणार, शंभरदा विचारणार. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं.

तब्येतीची सबब चालणार नाही. माझी सातवी पुरी होईपर्यंत तुम्हाला मरायची परवानगी नाही.

चंद्रव्वा,
इयत्ता सातवी